नव्वद लाखांचा इकामा

२०१७ च्या ऑक्टोबरात आमच्या जेद्दाच्या भाड्याच्या घरात कार्गोची खोकी भरली जात होती. मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपली की पत्नी आणि दोन्ही मुले कायमची भारतात परतणार, हे आम्ही नक्की केले होते, आणि जड सामान आधी बोटीने धाडले तर पुष्कळ स्वस्त पडते, हे सौदीत संसार केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पत्नी मिक्सरचे भांडे जुन्या चादरीत गुंडाळत होती. टीव्हीवर रियाधच्या गुंतवणूक परिषदेची दृश्ये चालू होती. युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी एक जुना बटणांचा फोन आणि एक नवा स्मार्टफोन लोकांपुढे धरला होता. आजवरची शहरे आणि आपण बांधणार आहोत ते शहर यांत एवढा फरक असेल, असे ते सांगत होते. शहराचे नाव निओम. ग्रीक भाषेतला ‘नवा’ या अर्थाचा ‘निओ’ आणि अरबीतल्या ‘मुस्तकबल’चा, म्हणजे भविष्याचा, ‘म’. जागा देशाच्या वायव्य टोकाला तबूक प्रांतात, तांबडा समुद्र आणि अकाबाचे आखात यांना लागून. क्षेत्रफळ २६,५०० चौरस किलोमीटर. खर्च ५०० अब्ज डॉलर.

दुसऱ्या दिवशी त्याच परिषदेत सोफिया नावाच्या एका यंत्रमानवाला सौदी अरेबियाचे नागरिकत्व दिल्याचे जाहीर झाले. माझी मुलगी २००३ मध्ये अल जुबैलच्या रुग्णालयात जन्मली, तिचे पहिले पाऊल तिथल्याच फरशीवर पडले, आणि बडबडगीतांच्या आधी तिच्या कानावर अजान पडली. ती खोक्यावर पत्ता लिहीत होती. मान वर न करता तिने विचारले, “बाबा, म्हणजे हिला इकामा लागणार नाही?”

ज्यांनी आखातात दिवस काढले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. इकामा म्हणजे परदेशी माणसाचा सौदीतला निवासाचा परवाना. आमच्या काळात तो मालकाच्या, म्हणजे कफीलच्या, नावाशी बांधलेला असे. नोकरी सुटली की इकामा जाई आणि कर्त्याचा इकामा गेला की त्याच्या बायकामुलांचाही जाई. देशात जन्म झाल्याने नागरिकत्व मिळत नाही. दर वर्षी नूतनीकरण करायचे आणि पुढचे वर्ष पदरात पाडून घ्यायचे, अशा बेताने मी एकवीस वर्षे काढली : १९९८ पासून अकरा जुबैलला, नंतरची दहा जेद्दाला. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. करार दोन्ही बाजूंना समजलेला होता.

२०१७ च्या जुलैपासून मात्र त्या करारात एक नवे कलम आले. परदेशी कामगाराबरोबर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबीयामागे दरमहा १०० रियाल सरकारला द्यायचे, पुढच्या जुलैत २००, मग ३००, आणि २०२० मध्ये ४००. तेही इकामा नवा करताना वर्षाचे एकरकमी. मी पेशाने क्वांटिटी सर्व्हेअर आहे, आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींची मोजमापे आणि दर काढत आलो. तेव्हा घरच्या तीन माणसांचा हिशेब काढायला पाठकोरा कागदही पुरला. पहिल्या वर्षी ३,६००, चौथ्या वर्षी १४,४०० रियाल. त्यात २०१८ च्या जानेवारीपासून ५ टक्के व्हॅट येणार होता, आणि परदेशी कामगारामागे कंपन्यांना द्यावा लागणारा मासिक करही वाढत जाणार होता, म्हणजे पगारवाढीचे नावच नको. आमच्या इमारतीतली सहापैकी चार भारतीय कुटुंबे दीड वर्षात रिकामी झाली. जिन्यात कार्गोच्या चिकटपट्टीचा करकर आवाज येत असे. तळमजल्यावरच्या मलबारी बकालावाल्याने, म्हणजे किराणावाल्याने, उधारीची वही बंद केली आणि थोड्याच दिवसांत दुकानही.

कुटुंबांवरचा हा कर आणि निओमची घोषणा यांत तीन-चार महिन्यांचे अंतर होते, आणि दोन्ही गोष्टी एकाच काळजीतून आल्या होत्या. १९३८ च्या मार्चमध्ये दम्मामच्या सात क्रमांकाच्या विहिरीला तेल लागले, तेव्हापासून या देशाचा प्रपंच एका वस्तूवर चालला. सरकारी उत्पन्नाचे जवळजवळ नऊ दशांश तेलातून येत, सौदी माणसाला सरकारी नोकरी मिळे, आणि बाकीची कामे आमच्यासारखे बाहेरचे लोक करीत. २०१४ च्या मध्याला पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या जानेवारीत तिसाच्या खाली उतरला. मधल्या २०१५ या वर्षाची सरकारी तूट ३६७ अब्ज रियाल जाहीर झाली. त्या वर्षी कंत्राटदारांची बिले महिनोन्‌महिने अडकली; आमच्या कार्यालयातल्या कपाटात मंजूर होऊन पैसे न आलेल्या बिलांचे गठ्ठे कसे चढत गेले, ते मी रोज पाहत होतो. एप्रिल २०१६ मध्ये ‘व्हिजन २०३०’ जाहीर झाले, ते या पार्श्वभूमीवर. तेलावाचून पोट भरायला शिकायचे, हा त्याचा गाभा होता आणि तो पूर्णपणे शहाणपणाचा होता, असे मी आजही म्हणेन. प्रश्न पुढचा होता. तेलावाचून जगण्यासाठी आधी एक शहर बांधायचे, हे कसे ठरले?

निओमची चर्चा खरी पेटली ती ‘द लाइन’मुळे. जानेवारी २०२१ मध्ये कल्पना मांडली गेली आणि जुलै २०२२ मध्ये चित्रे आली : १७० किलोमीटर लांब आणि ५०० मीटर उंच अशा दोन आरसेबंद भिंती, सगळे मिळून रुंदी २०० मीटर, आणि त्या पट्ट्यात नव्वद लाख माणसे. मोटारी नाहीत, रस्ते नाहीत, धूर नाही. मी तेव्हा भारतात परतलो होतो. खारघरच्या घरात जेवणाच्या टेबलावर बसून पुन्हा कागद पुढे ओढला. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ८५ मीटर आहे. तसे सहा टॉवर एकावर एक ठेवले की एका भिंतीची उंची, आणि तशी भिंत मुंबईपासून पुण्याच्या पुढे जाईपर्यंत अखंड. जमिनीचा वापर अवघा ३४ चौरस किलोमीटर, म्हणजे दर चौरस किलोमीटरला सुमारे २ लाख ६५ हजार माणसे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाडी वीस मिनिटांत जाणार, म्हणजे ताशी ५१० किलोमीटर, तेही वाटेत कुठेही न थांबता. थांबायचे म्हटले तर तो वेग गाठण्याआधीच पुढचे स्टेशन येईल, आणि न थांबायचे म्हटले तर मधल्या लोकांनी काय करायचे? शाळेतल्या गणिताने आणखी एक गोष्ट कळते. रेघेवर कुठलेही दोन बिंदू घेतले तर त्यांच्यातले सरासरी अंतर रेघेच्या लांबीच्या एक तृतीयांश असते. या शहरातली कुठलीही दोन माणसे एकमेकांपासून सरासरी ५७ किलोमीटरवर राहणार. तेवढेच लोक तेवढ्याच जागेत गोल वस्ती करून राहिले असते, तर बहुतेकांना एकमेकांकडे चालत जाता आले असते. माणसांनी हजारो वर्षे गावे गोलाकार, चावडीभोवती वसवली, ती काही सौंदर्यदृष्टीने नव्हेत.

पण मला सर्वांत अडला तो नव्वद लाखांचा आकडा. माझ्या धंद्यात बिल ऑफ क्वांटिटीज, म्हणजे कामांची मोजमापे आणि दर यांची यादी, तयार करताना एक सवय लागते : एखादी मोठी रक्कम ओळीत दिसली की तिच्यामागचे मोजमाप कुठले, हे विचारायचे. २०२२ च्या जनगणनेत सौदीची लोकसंख्या ३ कोटी २२ लाख भरली, आणि त्यांतले सुमारे ४२ टक्के लोक परदेशी होते. उरलेले सौदी नागरिक १ कोटी ८८ लाख. रियाध, जेद्दा, दम्माम सोडून त्यांच्यातले निम्मे या पट्ट्यात येऊन राहतील, असे कोणीही धरलेले नसणार. म्हणजे नव्वद लाखांतले बहुसंख्य बाहेरून यायचे. ते कुठल्या कागदावर यायचे? निओमला स्वतःचे वेगळे कायदे असतील, असे सांगितले जात होते. देशपातळीवर २०१९ मध्ये कफीलशिवाय राहता येईल असा विशेष इकामा निघाला होता खरा. कायमच्या परवान्याला ८ लाख रियाल आणि वर्षाच्या परवान्याला १ लाख. जगातल्या श्रीमंतांतून आणि निवडक तज्ज्ञांतून काही हजार माणसे अशी मिळतील. नव्वद लाखांच्या शहराला मात्र शिक्षिका लागतात, नळ दुरुस्त करणारे लागतात, पोळ्या लाटणारे लागतात, आणि त्यांना आपली मुले तिथे वाढवता आली नाहीत तर ते शहर न राहता कॅम्प होते. एका हाताने कुटुंबे मोजून त्यांच्यावर दरडोई कर बसवायचा आणि दुसऱ्या हाताने नव्वद लाख रहिवासी चित्रात काढायचे, हा हिशेब मला जुळवता आला नाही.

वाळवंटात आखलेले शहर चालतच नाही, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही, कारण माझी अकरा वर्षे अशाच एका शहरात गेली. जुबैल हे आखाताच्या काठचे मासेमारीचे गाव होते. तेलाबरोबर जमिनीतून येणारा वायू तोवर जाळून टाकला जाई. रात्री त्या ज्वाला कोसांवरून दिसत. तो वायू गोळा करून त्यापासून खते, प्लॅस्टिक, रसायने बनवायची असे ठरले, १९७५ मध्ये जुबैल आणि तांबड्या समुद्रावरचे यानबू यांच्यासाठी एक शाही आयोग स्थापन झाला, आणि पुढल्याच वर्षी साबिक ही कंपनी. आम्ही राहायला गेलो तेव्हा तिथे सारे होते : समुद्राचे पाणी कारखान्यांपर्यंत नेणारा अवाढव्य कालवा, कारखाने आणि वस्ती यांच्या मध्ये मोकळा सोडलेला पट्टा, समुद्रकिनाऱ्याची हिरवळ, शाळेच्या बस. सौंदर्य म्हणाल तर बेताचे. पण सकाळी सहाला भोंगा होई आणि पाळीची माणसे आत-बाहेर जाऊ लागत. त्या भोंग्यावर दुकाने, दवाखाने, क्रिकेटचे संघ आणि गणपतीची गुपचूप होणारी घरगुती आरती हे सगळे चाले. कामाला माणसे हवी होती, म्हणून शहर आले. ते तेलाच्याच पोटातून निघाले होते हे खरे, पण तेल नुसते विकण्यापेक्षा पुष्कळ पुढचे पाऊल होते. अर्थव्यवस्थेला दुसरा पाय हवा म्हणतात ना, तो या देशाने चाळीस वर्षांपूर्वीच एकदा उभा करून दाखवला होता.

उलट्या बाजूचे उदाहरण जेद्दाच्या उत्तरेला, गाडीने दीड तासावर होते. राजे अब्दुल्ला यांच्या नावाचे आर्थिक शहर २००५ मध्ये जाहीर झाले. लोकसंख्येचे लक्ष्य २० लाख. २०१४ च्या एका शुक्रवारी आम्ही तिथे सहलीला गेलो होतो. समुद्राकाठचा फरसबंद रस्ता, खजुराची नवी लावलेली झाडे, प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी ठिबकची काळी नळी. संध्याकाळी रस्त्यावरचे सगळे दिवे एकदम लागले आणि त्या उजेडात आमच्या दोन गाड्या आणि एक मांजर सोडून काही दिसेना. मुलांना ते फार आवडले, कारण रस्त्याच्या मधोमध सायकल चालवता आली. बंदर तेव्हा नुकतेच सुरू झाले होते आणि ते पुढे चांगले चालले. पुढे विजेच्या मोटारींचा कारखानाही आला. रहिवासी मात्र घोषणेनंतर दहा-बारा वर्षांनीही काही हजारांच्या घरात होते. माणसे आधी येतील आणि मग काम येईल, अशी ती मांडणी होती. (आता मी राहतो त्या नवी मुंबईचेही आराखडे कागदावर देखणे होते. पण घाऊक बाजार खाडीपलीकडे आले आणि १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल पोहोचली, तेव्हा कुठे तिथल्या जिन्यांवर चपला दिसू लागल्या.)

निओमच्या जागेवर तर माणसे आधीपासून होतीही. हुवैतात जमातीची गावे त्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या वसलेली होती. अल खुरैबा गावच्या अब्दुल रहीम अल हुवैती यांनी घर सोडायला नकार देणारी चित्रफीत प्रसारित केली आणि एप्रिल २०२० मध्ये ते सुरक्षा दलांच्या गोळीबारात मारले गेले. त्यांनी आधी गोळी झाडली, असे सरकारने सांगितले. जमातीतल्या लोकांनी ते मानले नाही. पुढे जमातीतल्या तिघांना मृत्युदंडाची शिक्षा सुनावली गेली. रिकामी जागा असे ज्याला आराखड्यात म्हणतात, ती मोजणीला गेल्यावर क्वचितच रिकामी निघते. हे मी जमीन मोजणाऱ्यांबरोबर काम केल्यामुळे सांगू शकतो.

आमच्या भावकीतला एक पुतण्या खेडहून २०२२ मध्ये तिकडे गेला, टोटल स्टेशन हे जमीन मोजायचे यंत्र चालवणारा सर्व्हेअर म्हणून. तबूकला हिवाळ्यात हाडे गोठवणारी थंडी पडते, जवळच्या डोंगरांवर कधी बर्फही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याच डोंगरांत ट्रोजेना नावाचे बर्फावरच्या खेळांचे ठाणे उभे राहायचे होते आणि २०२९ चे आशियाई हिवाळी खेळ त्याला बहाल झाले होते. रात्री कॅम्पमधून त्याचा व्हिडिओ कॉल येई. “काका, हे बघा,” म्हणून त्याने एकदा फोन खिडकीबाहेर धरला : वाळूत खणलेला सरळ चर, त्याच्या दोन्ही अंगांना पाइलिंग रिग, म्हणजे पायाचे खांब जमिनीत घालणारी यंत्रे, एकामागे एक, दिव्यांच्या उजेडात, नजर पोहोचेल तिथवर. मी आयुष्यात इतक्या रिग एका जागी पाहिल्या नव्हत्या. माझे पहिले बोलणे, मला सांगायला लाज वाटते, हे होते, की पाइलचा मीटरचा दर काय पडला रे? त्याला ठाऊक नव्हते. त्याला फक्त बिंदू माहीत होते. रोज एवढे बिंदू वाळूत खुणा करून द्यायचे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये बातमी आली, की २०३० पर्यंत १७० पैकी जेमतेम २.४ किलोमीटर पुरे होतील आणि त्या सालासाठी धरलेल्या १५ लाख रहिवाशांऐवजी ३ लाखही तिथे नसतील. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रकल्पाचे मुख्याधिकारी नधमी अल नस्र पदावरून गेले. २०२५ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राने प्रकल्पाच्या अंतर्गत तपासणीचा हवाला देऊन एकूण खर्चाचा अंदाज ८.८ लाख कोटी डॉलर असल्याचे छापले; मूळ ५०० अब्जांच्या तो सतरा-अठरा पट होतो. माझ्या पेशात दर चुकतो, मोजमाप चुकते, पण सतरा पट चूक म्हणजे मुळात कोणी मोजले नव्हते, किंवा मोजणाऱ्याचे ऐकले नव्हते. सौदीच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने महाप्रकल्पांतल्या आपल्या मालमत्तेची किंमत २०२४ च्या हिशेबात सुमारे १२ टक्क्यांनी कमी दाखवली. पैसा आता रियाधच्या २०३० च्या जागतिक प्रदर्शनाकडे आणि २०३४ च्या फुटबॉल विश्वचषकाकडे वळू लागला आहे.

या सगळ्यात मला खटकते ते असे. तेलावरचे अवलंबन संपवण्यासाठी जे शहर बांधायचे, ते बांधण्याचा पैसा तेलाचाच होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजाने २०२४ मध्ये सौदीचा सरकारी जमाखर्च जुळायला पिंपाला सुमारे ९६ डॉलर भाव हवा होता; प्रत्यक्षात सरासरी ८० च्या आसपास मिळाला. भाव उतरला की रेघ आखूड होणार, हे ओघानेच आले. गंमत अशी, की निओममधला जो भाग खरोखर उभा राहिला आहे तो जुबैलसारखा आहे. किनाऱ्यावरच्या ऑक्सागॉन या निओमच्या औद्योगिक भागात हरित हायड्रोजनचा ८.४ अब्ज डॉलरचा कारखाना बहुतांश बांधून झाला आहे; रोज ६०० टन हायड्रोजन काढून त्याचा अमोनिया करायचा आणि जहाजांनी पाठवायचा. त्याला लागणारी सौर आणि पवनऊर्जा व वीजवाहिन्या उभारण्याचे काम मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोकडे आले. अमोनियाला पुरेसे गिऱ्हाईक मिळेल का, हा प्रश्न आहेच. पण तो तरी बाजाराचा प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर मिळेल, हो किंवा नाही.

पुतण्या २०२५ च्या पावसाळ्यात परत आला. त्याच्या कंत्राटदाराने, मोठ्या कंपनीच्या खालच्या खालच्याने, दोन महिन्यांचा पगार ठेवून घेतला आहे आणि तो येईल अशी आशा त्याने सोडलेली नाही. सध्या तो चिपळूणला चौपदरीकरणाच्या कामावर आहे. तुझे बिंदू कुठवर गेले, असे मी त्याला विचारले. बरेच आता वाळूने भरले असतील, म्हणाला.

आणि त्याच सुमारास माझी मुलगी तिकडे गेली. ती पर्यावरण अभियंता झाली आहे. तिच्या मुंबईतल्या कंपनीने तिला तबूकला एका तपासणीच्या कामासाठी पाठवले. सात वर्षांनी ती त्या देशात पाऊल ठेवत होती. उतरल्यावर तिचा फोन आला. पासपोर्टच्या खिडकीत, म्हणाली, तिच्याच वयाची सौदी मुलगी बसली होती. आम्ही तिथे असताना त्या खिडकीत बाई कधी दिसली नव्हती. २०१८ च्या जूनपर्यंत तर बायकांना मोटार चालवायचीही मुभा नव्हती. नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या सौदी स्त्रियांचे प्रमाण २०१६ मध्ये वीस टक्क्यांच्या आत होते, आणि २०३० साठी ठरवलेले ३० टक्क्यांचे लक्ष्य त्यांनी कितीतरी आधी ओलांडले. अर्थव्यवस्थेचा तोंडवळा बदललेला दिसतो तो अशा खिडक्यांत, आणि त्यासाठी एकही पाइल ठोकावी लागली नव्हती.

त्या मुलीने पासपोर्ट उघडला, जन्मस्थानाच्या रकान्यावर बोट ठेवले आणि मान वर करून हसली. “बिंत अल जुबैल!” जुबैलची लेक. मग तिने अरबीत विचारले, की इतकी वर्षे कुठे होतीस? माझ्या मुलीला शाळेत शिकलेले अरबी आठवेना, म्हणून ती नुसती हसली.

शिक्का मारून पासपोर्ट परत आला. मी विचारले, व्हिसा किती दिवसांचा दिलाय? नव्वद, ती म्हणाली, आणि सामानाचा पट्टा सुरू झाला म्हणून तिने फोन ठेवला.